आधी पदार्थ, मग वेळ, मग पत्ता: हनोईच्या बोळातल्या घरगुती खाणावळीत जेवण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

हनोईच्या जुन्या भागातली घरं रस्त्यावरून पाहिली तर अगदी अरुंद दिसतात. दर्शनी रुंदी जेमतेम तीन-चार मीटर, पण आत घर कितीतरी खोल जातं. पुढच्या खोलीत दुकान, मागे चूल, वरच्या मजल्यावर संसार. या शहरातलं सगळ्यात चांगलं जेवण अशाच घरांच्या पुढच्या खोल्यांत, जिन्याखाली आणि बोळाच्या तोंडाशी मिळतं.

१९८६ साली व्हिएतनामने 'दोई मोई' नावाने आर्थिक सुधारणा सुरू केल्या आणि खासगी धंद्याला हळूहळू मोकळीक मिळाली. त्याआधीच्या टंचाईच्या काळात हनोईकर सरकारी उपाहारगृहांत रांगा लावून फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, खायचे. त्यात बरेचदा मांसाचा तुकडाही नसायचा. अमेरिकेच्या मानवरहित टेहळणी विमानांवरून लोकांनी त्याला 'विनावैमानिक फो' असं नाव ठेवलं होतं. सुधारणांनंतर कुटुंबांनी घराची पुढची खोली उघडली आणि आजीला किंवा आईला जो पदार्थ उत्तम येत होता, तेवढाच विकायला सुरुवात केली. अशा अनेक घरांत आज पुढची पिढी त्याच पातेल्यापाशी उभी आहे.

एक घर, एक पदार्थ, दिवसातले ठरावीक तास. खाली जे जे सांगितलं आहे, ते सगळं या एका व्यवस्थेतून येतं. इथे मेन्यूकार्ड नसतं आणि 'यात अमुक न घालता करून द्या' ही विनंती बहुतेकदा चालत नाही, कारण रस्सा आदल्या रात्रीच शिजून तयार असतो. म्हणून रेस्टॉरंट शोधायला सुरुवात करू नका. आधी पदार्थ निवडा, त्याची वेळ पाहा आणि पत्ता सगळ्यात शेवटी काढा.

पहिली पायरी: काय खायचं आणि काय नाही, हे इथूनच ठरवून निघा

मराठी प्रवाशांपैकी काही जण बीफ खात नाहीत, काही पोर्कही नाही, काही पूर्ण शाकाहारी असतात. हा निर्णय टेबलावर बसून घ्यायचा नसतो. कुठल्या घरात शिरायचं हेच त्यावर ठरतं. पाटीवर पदार्थाच्या नावापुढे मांसाचं नाव लिहिलेलं असतं. एवढे शब्द पाठ करा: 'बो' म्हणजे बीफ, 'गा' म्हणजे कोंबडी, 'का' म्हणजे मासा, 'तोम' म्हणजे कोळंबी, 'कुआ' म्हणजे खेकडा. डुकराच्या मांसाला उत्तरेत 'लन' आणि दक्षिणेत 'हेओ' म्हणतात. 'थित' म्हणजे मांस. 'थित चो' अशी पाटी दिसली तर तिथे कुत्र्याचं मांस मिळतं. अशी दुकानं वेगळी असतात आणि पाटीवर तसं उघड लिहितात, त्यामुळे नकळत खाल्लं जाईल ही भीती बाळगू नका.

बीफ आणि पोर्क दोन्ही टाळणाऱ्यांसाठी हनोईत सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे फो गा, कोंबडीच्या रश्श्यातला तांदळाच्या पट्टीशेवयांचा फो. मात्र घर फक्त फो गाचंच निवडा. पाटीवर 'फो बो' आणि 'फो गा' दोन्ही असतील तर रश्श्याची पातेली, डाव आणि शेवया बुडवायची झारी एकच असण्याची शक्यता मोठी. फक्त कोंबडीचं दुकान ओळखणं सोपं असतं, कारण समोरच्या काचेच्या कपाटात हळदीने पिवळ्या केलेल्या उकडलेल्या कोंबड्या टांगलेल्या किंवा मांडलेल्या दिसतात. मागताना 'दुई' म्हटलं की मांडीचं मांस मिळतं, 'लुओन' म्हटलं की छातीचं. काळीज आणि आतडं नको असेल तर 'खोंग लोंग' सांगा. रस्सा नको असेल तर 'फो गा त्रोन' मागवा. त्यात शेवया, कोंबडी, दाणे आणि तळलेला कांदा सॉसमध्ये कालवलेला असतो.

मासे खाणाऱ्यांनी 'चा का' चुकवू नये. हळद आणि गलांगल (आल्यासारखं एक मूळ) लावलेले माशाचे तुकडे टेबलावरच्या शेगडीवर तेलात परततात, वरून मूठमूठ शेपू आणि पातीचा कांदा घालतात, आणि शेवया-दाण्यांबरोबर खातात. हा पदार्थ एका कुटुंबाने इतका नावारूपाला आणला की जुन्या हनोईतल्या त्या रस्त्याचं नावच 'चा का' पडलं. सोबत 'माम तोम' नावाची जांभळट, उग्र वासाची कोळंबीची आंबवलेली चटणी येते. ती झेपत नसेल तर 'नुओक माम' मागा, म्हणजे पातळ केलेला फिश सॉस. मागितला तर सहज मिळतो.

'बुन चा' म्हणजे कोळशावर भाजलेलं पोर्क, आंबट-गोड पाण्याच्या वाडग्यात, सोबत शेवया आणि पाला. २०१६ च्या मे महिन्यात बराक ओबामा आणि टीव्हीवरचे प्रसिद्ध अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन हनोईत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून हाच पदार्थ खात होते. 'बुन बो हुए'मध्ये बीफ आणि पोर्क दोन्ही असतात, शिवाय रक्ताचे गोठवलेले तुकडेही. 'बान्ह मी' या सँडविचमध्ये पावाला आधीच पोर्कच्या यकृताची पेस्ट लावतात. वरून अंडं घालायला सांगितलं तरी ती पेस्ट राहतेच, म्हणून 'खोंग पाते' आधी सांगा.

दुसरी पायरी: पदार्थाची वेळ

फो मुख्यतः सकाळचा. चांगल्या घरांत सहाच्या सुमारास पातेलं उघडतं आणि दहा-साडेदहापर्यंत तळ दिसतो. काही फो गाची घरं फक्त संध्याकाळी चालतात. बान्ह कुओन, म्हणजे वाफेवरच्या तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, आणि चिकट भाताचा 'सोय' हेही सकाळचे. बुन चा दुपारचा, अकरा ते दोन. साडेदहाला बोळाच्या तोंडाशी कोळशाचा धूर आणि पंखा दिसला की घर सापडलं म्हणून समजा. 'चे' नावाचा गोड पदार्थ दुपारनंतर आणि रात्री.

दुपारी दोन ते चार ही वेळ मोकळी सोडा. त्याच पुढच्या खोलीत घरातली माणसं चटई टाकून झोपतात. दार उघडं दिसलं तरी हाक मारू नका.

उशिरा गेलात तर 'हेत झोय' हे दोन शब्द ऐकू येतील. अर्थ: संपलं. थोडं तरी द्या म्हणून आग्रह करण्यात काही अर्थ नसतो, कारण मागे दुसरं पातेलं नसतंच. दुसऱ्या दिवशी तासभर आधी जा. पण फार लवकर, पहिलं गिऱ्हाईक म्हणून जाताना एक गोष्ट सांभाळा. आपल्याकडे दुकानदार भवानीला जितका जपतो, तितकाच तिथला दुकानदार 'मो हांग'ला, दिवसाच्या पहिल्या विक्रीला जपतो. सकाळी सगळ्यात आधी जाऊन भाव विचारायचा आणि न घेता परत फिरायचं, हे तिथे खरोखर अपशकुनाचं मानतात. गेलात तर बसा आणि खा. नुसती चौकशी करायची असेल तर दुसरं कुणी खाताना दिसेपर्यंत थांबा.

वर्षातून एकदा, 'तेत' म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरगुती खाणावळी आठवडाभर, काही त्याहून जास्त, बंद असतात. सण साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीही येतो. २०२७ मध्ये तो ६ फेब्रुवारीला आहे. या दिवसांत जाणार असाल तर मोठ्या हॉटेलांवर विसंबावं लागेल. जेवणासाठी म्हणून जायचं असेल तर हे दिवस टाळा.

तिसरी पायरी: पत्ता वाचणं

हनोईत बोळाला 'न्गो' म्हणतात आणि बोळातल्या पोटबोळाला 'न्गाच'. दक्षिणेत, सायगावमध्ये (हो चि मिन्ह सिटी), त्यालाच 'हेम' म्हणतात. पत्त्यातल्या तिरक्या रेघा म्हणजे तुम्ही किती वेळा वळायचं ते. '१५/८/३' असा पत्ता असेल तर मोठ्या रस्त्यावर १५ क्रमांकाशी जो बोळ फुटतो त्यात शिरा, त्यात ८ क्रमांकाशी पोटबोळ घ्या, तिथलं ३ नंबरचं घर. मोठ्या रस्त्यावरचा १५ नंबर आणि बोळ क्रमांक १५ या गोष्टी वेगळ्या असतात. बहुतेक लोक चुकतात ते इथेच. ते रस्त्यावरच्या घराचं दार ठोठावतात आणि बोळ बाजूलाच राहतो. बोळाच्या तोंडाशी त्याच्या क्रमांकाची छोटी पाटी असते. रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात, त्यामुळे चुकीच्या बाजूने चालत असाल तर लगेच लक्षात येतं.

१ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हा ही प्रशासकीय पातळी रद्द केली आणि वॉर्डांची फेररचना केली. जुन्या लेखांत आणि नकाशांत 'क्वान' म्हणजे शहरी जिल्ह्याचं नाव दिसेल, नव्या पत्त्यात ते नसेल किंवा वॉर्डचं नाव वेगळं असेल. गोंधळू नका. रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक या दोनच गोष्टींवर चाला.

नकाशावर शोधताना इंग्रजीत 'सर्वोत्तम रेस्टॉरंट' असं टाकलं तर पर्यटकांसाठीच्या जागा वर येतात. त्याऐवजी पदार्थाचं व्हिएतनामी नाव आणि रस्त्याचं नाव टाका. शक्य असेल तर रोमन अक्षरांवरच्या-खालच्या स्वरचिन्हांसह, कारण चिन्ह बदललं की अर्थच बदलतो. मग ताऱ्यांची संख्या सोडून व्हिएतनामी भाषेतले अभिप्राय भाषांतर करून वाचा. स्थानिक माणूस रस्सा गोड झाला, शेवया जाड आहेत, गाडी लावायला जागा नाही अशा तक्रारी करतो. अशा तक्रारी असलेली जागा खरी असते. पाटीवर 'झा त्रुएन' शब्द असेल तर त्याचा अर्थ घराण्यात चालत आलेलं असा होतो. मात्र तो शब्द कुणीही लिहू शकतं, त्यामुळे एकट्या त्यावर विसंबू नका. पाटीवर एकच पदार्थ असणं ही त्याहून चांगली खूण.

टॅक्सी बोळात शिरत नाही, दुचाकी टॅक्सी शिरते. टॅक्सीने आलात तर तोंडाशी उतरून चालत जा. आत जाण्याची वाट कधी दोन दुकानांमधल्या फटीसारखी असते. एग कॉफीसाठी प्रसिद्ध असलेलं, १९४६ मध्ये सुरू झालेलं 'काफे झांग' न्गुयेन हुउ हुआन रस्त्यावर ३९ क्रमांकाला आहे, आणि तिथेही अरुंद बोळकांडीतून आत गेल्यावरच बसायची जागा दिसते. संस्थापक झांग हे मेट्रोपोल हॉटेलात काम करत होते. दुधाच्या टंचाईत त्यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, आणि कुटुंबाने ते आजपर्यंत चालवलं आहे. दार सापडत नाही म्हणून परत फिरू नका, बोळ संपेपर्यंत चाला.

चौथी पायरी: बसणं आणि मागवणं

दारात थांबून कुणी जागा दाखवील याची वाट पाहू नका. रिकामं स्टूल दिसलं की बसा, अनोळखी माणसांच्या टेबलावरही चालतं. बसण्याआधी पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहून बोटांनी किती जण आहात ते दाखवा. काही ठिकाणी रीत उलटी असते. बात दान रस्त्यावरच्या ४९ क्रमांकाच्या प्रसिद्ध फो घरात आधी रांग, मग पैसे, मग आपलं भांडं आपणच उचलून टेबलावर न्यायचं. समोरचे काय करतात ते मिनिटभर पाहिलं की कळतं.

हाक मारताना नातं लागतं. आपल्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या बाईला 'ची ओई', पुरुषाला 'आन्ह ओई'. आईच्या वयाच्या बाईला 'को ओई', वडिलांच्या वयाच्या पुरुषाला 'चू ओई'. आजीला 'बा ओई', वयाने लहान असलेल्यांना 'एम ओई'. पर्यटकांची पुस्तकं सरसकट 'एम ओई' शिकवतात, पण सत्तर वर्षांच्या आजीला तशी हाक मारणं उद्धटपणा ठरतो. शंका आली तर मोठं नातं वापरा.

'मोत' एक, 'हाय' दोन, 'बा' तीन. भांड्याला हनोईत 'बात', सायगावमध्ये 'तो'. म्हणजे 'को ओई, हाय बात फो गा' एवढं पुरे. उच्चारातले चढ-उतार आपल्याला साधत नाहीत, म्हणून तोंडाने बोलतानाच बोटं आणि फोनवरचा मजकूर दोन्ही दाखवा. नको असलेल्या गोष्टीआधी 'खोंग' लावा: 'खोंग हान्ह' कांद्याची पात नको, 'खोंग काय' तिखट नको. अजिनोमोटो नको असेल तर 'खोंग मी चिन्ह' सांगता येतं, पण रश्श्यात ते आधीच असेल तर काढता येत नाही. ही सूचना वरून चिमूट टाकायच्या वेळेपुरतीच उपयोगी.

टेबलावर आधीच मांडलेल्या वस्तू सगळ्याच फुकट नसतात. चॉपस्टिक्स, चमचे, मिरची, लिंबू, व्हिनेगर फुकट. पाकिटातला ओला रुमाल, तळलेल्या पिठाच्या 'क्वाय'च्या कांड्या, केळीच्या पानात गुंडाळलेले मांसाचे तुकडे यांचे पैसे वापराल तसे लागतात. नको असेल तर हात लावू नका. चॉपस्टिक्स आणि चमचा कागदाने पुसून घेणं ही तिथल्या लोकांचीच सवय आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पाचवी पायरी: खाणं

फो आला की काहीही न घालता आधी दोन चमचे रस्सा प्या. बीफच्या फोसाठी हाडं, भाजलेलं आलं आणि कांदा, चक्रफूल, दालचिनी आणि मोठ्या वेलचीची एक स्थानिक जात घालून तो आठ-दहा तास मंद उकळलेला असतो. कोंबडीचा रस्सा त्याहून कमी वेळात होतो आणि जास्त स्वच्छ दिसतो. चाखल्याशिवाय लिंबू आणि मिरची सॉस ओतणं म्हणजे त्या सगळ्या रात्रीच्या कामावर पाणी ओतणं. हनोईत फोबरोबर पाल्याचं ताट येत नाही. लसूण घातलेलं व्हिनेगर, ताजी मिरची आणि क्वाय, बस. सायगावमध्ये मात्र तुळशीच्या जातीचा पाला, काटेरी कोथिंबीर, मोड आणि गोडसर काळा सॉस येतो. हनोईत तो काळा सॉस मागू नका.

आधी शेवया सोडवून घ्या, नाहीतर त्या भांड्याच्या तळाशी गोळा होतात आणि पाच मिनिटांत फुगतात. फो गप्पा मारत खायचा पदार्थ नाही. उजव्या हातात चॉपस्टिक्स, डाव्या हातात चमचा, आणि दहा-पंधरा मिनिटांत भांडं रिकामं. फुगलेल्या शेवया रस्सा पिऊन टाकतात आणि चव मरते.

बुन चा खाताना बहुतेक नवखे सगळ्या शेवया वाडग्यात ओततात. मग वाडग्यातलं कोमट, आंबट-गोड पाणी पातळ होतं आणि शेवटी बेचव लगदा उरतो. एका वेळी एक-दोन घासांपुरत्या शेवया, दोन-चार पानं आणि मांसाचा तुकडा वाडग्यात बुडवा, खा, मग पुढचा घास.

पाल्याच्या ताटात 'झिएप का' नावाची हृदयाच्या आकाराची पानं असतात. त्यांना कच्च्या माशासारखा वास येतो. पहिल्यांदा एकच पान चाखा. गडद जांभळ्या 'तिआ तो'ची चव बहुतेकांना आवडते.

बान्ह सेओ हे तांदळाच्या पिठाचं हळदीचं कुरकुरीत धिरडं मूळ मध्य आणि दक्षिण भागातलं, पण हनोईतही मिळतं. आत पोर्क आणि कोळंबी असतेच. चॉपस्टिकने तुकडा मोडा, लेट्यूसच्या पानात पाल्यासह गुंडाळा, सॉसमध्ये बुडवा. हाताने खाणंच योग्य.

शाकाहारी वाचकांसाठी

सर्वात आधी हे ध्यानात घ्या: फो बोच्या घरात जाऊन भाज्यांचा फो मागू नका. यजमानीण तुमचा मान राखून मांस काढून देईल, पण रस्सा हाडांचाच राहील. तिने तुम्हाला फसवलेलं नसतं. तिच्या दृष्टीने मांस नाही म्हणजे काम झालं. शिवाय 'थित' म्हटलं की मासे आणि कोळंबी त्यात आपोआप येत नाहीत, त्यामुळे 'खोंग थित' एवढ्याने भागत नाही.

शाकाहाराचा शब्द आहे 'चय'. पाटीवर रोमन अक्षरांत सी, एच, ए, वाय असं लिहिलेलं असतं. उच्चार आखूड ठेवा. आपल्या सवयीप्रमाणे 'चाय' असा लांबवला तर बाटली मागितल्यासारखं होतं. 'कॉम चय' लिहिलेली खाणावळ सापडली की प्रश्न मिटतो. ही घरं बौद्ध परंपरेतली असतात. मांस, मासे, फिश सॉस नाहीत, आणि काटेकोर घरांत कांदा-लसूणही नाही, म्हणून कांदा-लसूण टाळणाऱ्यांना अशा काटेकोर घरांत जेवता येतं. अंडं मात्र विचारून घ्या: अंड्याला 'त्रुंग' म्हणतात. ताटातले कोंबडीचे किंवा कोळंबीचे दिसणारे तुकडे सोयाबीनचे, गव्हाच्या ग्लुटेनचे किंवा मश्रूमचे असतात. दचकू नका. मांडलेल्या भाज्यांतून बोट दाखवून चार-पाच पदार्थ निवडायचे आणि भातावर घ्यायचे.

व्हिएतनामी चांद्र महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस हे अनेकांचे शाकाहाराचे दिवस असतात. कालनिर्णयात अमावास्या-प्रतिपदा आणि पौर्णिमा पाहिली की एखाद्या दिवसाच्या फरकाने ते सापडतात. त्या दिवशी एरवी मांस विकणारे ठेलेही चय पदार्थ ठेवतात आणि चय घरं दुपारी गच्च भरतात. सहलीतला एखादा दिवस तसा जुळवता आला तर जरूर जुळवा.

एका ठिकाणी 'चय' हा शब्दही दगा देतो. बान्ह कुओन चय म्हणजे बरेचदा फक्त सारण न भरलेली गुंडाळी. सोबतची वाटी फिश सॉसचीच असते, आणि वरचा तळलेला कांदा चरबीत तळलेला असू शकतो. बुन दाउ, म्हणजे तळलेलं टोफू आणि शेवया, शाकाहारी वाटतं, पण टोफू ज्या तेलात तळतात त्यातच पोर्कचे वडेही तळतात. 'सोय सेओ' हा हळदीचा चिकट भात वर मुगाच्या डाळीचा थर घालून देतात, पण शेवटी त्यावर पळीभर वितळवलेली चरबी ओततात. बाईंनी पळी उचलण्याआधी 'खोंग म' म्हणा, आणि 'खोंग रुओक' म्हणजे पोर्कचा कीस नको.

फोनवर व्हिएतनामी भाषांतर करून ठेवायचा मजकूर असा असू द्या: 'मी शाकाहारी आहे. मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, फिश सॉस, हाडांचा रस्सा आणि प्राण्यांची चरबी यांतलं काहीही खात नाही. असं काही तुमच्याकडे आहे का? नसेल तर हरकत नाही.' शेवटचं वाक्य ठेवाच. त्याने यजमानिणीला मोकळेपणाने नाही म्हणता येतं, नाहीतर ती भिडेखातर काहीतरी जुळवून देते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर वेगळी ओळ लिहा. शेंगदाण्यांना उत्तरेत 'लाक', दक्षिणेत 'दाउ फोंग' म्हणतात, आणि ते वरून भुरभुरण्याची पद्धत सगळीकडे आहे.

पोट सांभाळणं

उकळता रस्सा आणि समोर भाजलेलं मांस यांनी सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो कच्च्या पाल्याने, कापून ठेवलेल्या फळांनी आणि गर्दी ओसरल्यावर उरलेल्या अन्नाने. पहिले दोन दिवस पाला गरम रश्श्यात बुडवूनच खा. मधून आरपार भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. मोठ्या लादीवरून फोडलेला नको. नळाचं पाणी पिऊ नका. 'चा दा' हा बर्फ घातलेला फिका चहा उकळलेल्या पाण्याचा असतो. बर्फ नीट दिसत असेल तर तो घ्यायला हरकत नाही.

भर गर्दीच्या वेळी जाणं ही सगळ्यात मोठी काळजी. जिथे पातेलं चार तासांत रिकामं होतं, तिथे शिळं काही उरत नाही.

घरात असल्यासारखं वागणं

वरच्या मजल्यावर बसवलं तर जिन्यापाशी चपला काढायच्या का ते इतरांच्या चपला पाहून ठरवा. जमिनीलगत ठेवलेला लाल रंगाचा छोटा देव्हारा असतो, त्याच्याकडे पाय करून बसू नका आणि त्यावर पिशवी टेकवू नका. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, ती मृतांपुढच्या उदबत्तीची खूण आहे. पैसे आणि भांडी दोन्ही हातांनी द्या-घ्या. कागद आणि हाडं टेबलाखालच्या टोपलीत टाका. पातेल्यापाशी काम करणाऱ्या माणसाचा फोटो काढण्याआधी नजरेने विचारा. गर्दीत कॅमेरा घेऊन पातेल्यासमोर उभं राहिलात तर वाढणाऱ्याचा हात अडतो आणि मागे रांग वाढते. खाऊन झालं की उठा, जागा पुढच्या माणसाची असते.

पैसे

कार्ड सहसा चालत नाही आणि भिंतीवरचा क्यूआर कोड स्थानिक बँक खात्यासाठी असतो, म्हणून रोख ठेवा. १०, २० आणि ५० हजार डोंगच्या नोटा वेगळ्या खिशात. रुपयांचा अंदाज घ्यायला शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा: ५०,००० डोंग म्हणजे साधारण १७५ रुपये. हनोईत फो किंवा बुन चा साधारण ४० ते ८० हजारांना मिळतो, चय खाणावळीतलं ताट बहुतेकदा त्याहून स्वस्त. बोलताना हजार गाळतात. 'नाम मुओय' म्हणजे पन्नास ऐकू आलं तरी द्यायचे ५०,००० असतात.

२०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधाऱ्या बोळात, घाईत, शून्यं न मोजता नोट दिली की जेवणाच्या कितीतरी पट रक्कम हातातून जाते. मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा आणि देताना आकडा मोठ्याने म्हणा.

'तिन्ह तिएन' म्हटलं की हिशेब होतो. बहुतेक ठिकाणी यजमानीण टेबलावरची भांडी, क्वायच्या उरलेल्या कांड्या आणि रुमालांची रिकामी पाकिटं मोजून आकडा सांगते, म्हणून हिशेब होईपर्यंत काही उचलून ठेवू नका. टिप देण्याची पद्धत नाही. दिलीच तर कधी मागून धावत येऊन परतही करतील. मोड परत घेतानाही दोन्ही हात पुढे करा.